बिऱ्हाड हलवणाऱ्याला

न्हाव्याच्या दुकानात पेपर पडला होता,
पहिल्या पानावर तुझं नाव :
ऑर्सेरा मोटर्सचं मुख्यालय तुरीनमधून हलणार?
प्रश्नचिन्ह मोठं होतं, गळासारखं.
एत्तोरेने माझ्या मानेवरचा वस्तरा थांबवला,
म्हणाला, कानिओ, तुला काय वाटतं?
मी काय बोलणार.
अर्धं तोंड फेसात होतं.

पण रात्री डोळ्याला डोळा लागेना, म्हणून सांगतो.
बिऱ्हाड हलवण्यातलं मला थोडंफार कळतं.

एकोणसत्तर साली आलो मी, आचेरेंत्साहून,
एकवीस तास गाडीत उभ्याने,
पायाशी सुतळीने बांधलेलं खोकं,
खोक्यात आईचं चीज, ते बोलोन्याच्या आसपास वास मारू लागलं.
इथे दारांवर पाट्या :
दक्षिणेकडच्यांना खोली मिळणार नाही.
मोटार मात्र आमच्या हातची चालायची.
म्हणायचे, ही माणसं न्हाणीच्या टबात टोमॅटो लावतात.
खरं सांगू?
इन्कोरोनाताने एकदा लावले होते. चांगले धरले.

तर ऐक.
सामान कमी ने.
विंचवाच्या पाठीवर मावेल तेवढंच.
टेबलं, खुर्च्या, चेअरमनांची तैलचित्रं, सगळं तिकडेही मिळतं.
फक्त जिन्याचा पितळी कठडा उपटू नकोस.
तो आमच्या बोटांनी झिजलाय,
कापलेल्या पगाराची तक्रार घेऊन वर चढताना
आणि गप्प खाली उतरताना.
दुसऱ्या कुठल्या भिंतीला तो नीट बसायचा नाही.

दुसरं म्हणजे,
नव्या गावात 'आमच्याकडे असं नसतं' म्हणू नकोस.
लोक लगेच घड्याळ बघतात.

तिसरं काहीतरी होतं.
विसरलो.

एकतीस वर्षं तुझ्या रंगखात्यात काढली मी.
रविवारी नाक शिंकरलं की रुमालात निळं यायचं,
मग कळायचं, यंदा देशाला निळी गाडी हवी आहे.
एका वर्षी लाल. मग बरीच वर्षं करडं.
शेवटी शेवटी रुमाल पांढराच राहू लागला.
डॉक्टर खूश झाला.
मी घाबरलो.

वियोरिका तुझे मजले पुसते, रुमानियाची आहे,
आमच्या वरच्या मजल्यावर राहते.
ती सांगते, चौथ्याच्या वर आता दिवे लागत नाहीत.
लॉबीतलं झाड वाळलं, कुणी बदललं नाही.
केराच्या टोपल्या रिकाम्या असतात,
आणि मालाच्या लिफ्टपाशी
घडी घातलेली पुठ्ठ्याची खोकी येऊन पडलीत,
शंभर-शंभरचे गठ्ठे, अजून कोरी.
ती सांगत होती तेव्हा तिच्या हातात
तशातलंच एक खोकं होतं. मी विचारलं नाही.
तिला मी काय सूचना देणार,
दोन सरहद्दी ओलांडून आलेली बाई.

तू रागावू नकोस.
आम्हीही कुणाला तरी टाकूनच इथे आलो.
मागे राहिलेल्या गावात आता
अकरा म्हातारे आणि एक मोबाईलचा टॉवर आहे.
तुझ्यासाठी ते गाव रिकामं झालं,
तुला त्याचं नावही माहीत नसेल.
आता तुझी पाळी. एवढंच.
हिशोब मिटला असं वाटायला हवं होतं मला.
वाटत नाही.

काल टीव्हीवर तुझा माणूस बोलला,
टाय सरळ करत :
अजून काहीच ठरलेलं नाही,
सगळे पर्याय खुले आहेत.

मीही आईला तेच म्हणालो होतो,
जेवताना, ताटाकडे बघत :
अजून काही ठरलं नाही.
तिकीट कोटाच्या अस्तरात होतं.
तिने काही विचारलं नाही.
उठली,
आणि चीज फडक्यात बांधायला लागली.